व्यसनहानीचे राष्ट्रीय धोरण आणि आपल्या दुकानातील नोंदवही

डोंबिवली स्थानकालगतच्या बाजारपेठेत सायंकाळी लोकलगाड्यांतून उतरलेली गर्दी घराकडे वळू लागली, की आयुर्वेदीय औषधांच्या दुकानांतही ग्राहकांची वर्दळ सुरू होते. या वेळी येणारे दोन ग्राहक ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील प्रत्येक औषधविक्रेत्याच्या परिचयाचे असतील. पहिली एक गृहिणी. दुकानातील इतर ग्राहक जाईपर्यंत ती थांबते आणि आवाज खाली आणून विचारते, "जेवणात कालवून न कळत देता येईल, असं दारू सोडवायचं चूर्ण आहे का?" दुसरा पंचविशीतील एक तरुण. तो औषधाचे नाव उच्चारीत नाही. खिशातून रिकामे पाकीट काढून पुढे करतो आणि दोन बोटे दाखवितो. दोघांजवळही वैद्याची चिठ्ठी नसते.

अंमली पदार्थांपासून होणारी हानी कमी करण्याचे राष्ट्रीय धोरण दिल्लीत ठरते, त्याचे कायदे संसदेत संमत होतात आणि त्याची परिपत्रके मंत्रालयातून निघतात, हे खरे. परंतु या दोन ग्राहकांना पुढील दोन मिनिटांत आपण काय उत्तर देतो, यावर ते धोरण आपल्या गल्लीपुरते सफल वा निष्फळ ठरत असते. प्रस्तुत लेखात या धोरणाचा इतिहास, त्यामागील विचार आणि त्यात वैद्यांचा व औषधविक्रेत्यांचा वाटा, यांचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

धोरणाची जडणघडण

औषधी प्रयोजनाव्यतिरिक्त मादक पेये व आरोग्यास अपायकारक द्रव्ये यांच्या सेवनास बंदी घालण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असे मार्गदर्शक तत्त्व राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात आहे. 'औषधी प्रयोजनाव्यतिरिक्त' हे शब्द आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. अफू व गांजा यांची वैद्यकीय उपयुक्तता कायद्याने कधीच नाकारलेली नाही, मात्र त्या उपयोगाची जबाबदारी ज्याच्या हाती औषध आहे त्याच्यावर टाकली आहे.

गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा, म्हणजेच एनडीपीएस या नावाने सर्वपरिचित असलेला कायदा १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमलात आला. त्या सुमारास मुंबई व आसपासच्या उपनगरांत 'गर्द'ने थैमान घातले होते. डॉ. अनिल अवचट यांनी या विषयावर केलेले लेखन महाराष्ट्रातील घराघरांत वाचले गेले. त्यातूनच डॉ. सुनंदा अवचट यांच्या पुढाकाराने आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. ठाण्यात तर १९०१ पासूनचे मनोरुग्णालय आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेली 'आयपीएच' ही मानसिक आरोग्याची संस्थाही याच शहरातील. तात्पर्य, व्यसनाकडे गुन्हा म्हणून न पाहता आजार म्हणून पाहण्याचा विचार आपल्या परिसराला नवखा नाही.

कायद्याला मात्र हा विचार स्वीकारण्यास वेळ लागला. मूळ कायद्याचा भर शिक्षेवर होता. पुढे काही गुन्ह्यांच्या पुनरावृत्तीसाठी तर मृत्युदंडच अनिवार्य करण्यात आला. २००१ च्या दुरुस्तीने अल्प व व्यापारी असे पदार्थांच्या प्रमाणाचे भेद करून शिक्षेत श्रेणी आणली. हेरॉइनचे अल्प प्रमाण ५ ग्रॅम आणि व्यापारी प्रमाण २५० ग्रॅम, तर गांजाचे अनुक्रमे १ किलो व २० किलो, असे हे भेद आहेत. इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्क या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जून २०११ मध्ये मृत्युदंडाची अनिवार्यता अमान्य केली आणि २०१४ च्या दुरुस्तीत संसदेनेही तो न्यायालयाच्या विवेकावर सोपविला. त्याच दुरुस्तीने मॉर्फिनसारखी वेदनाशामके गरजू रुग्णांना मिळणे सुलभ व्हावे, यासाठी अत्यावश्यक गुंगीकारक औषधांचा स्वतंत्र वर्ग केला.

याच कायद्यातील ६४-अ हे कलम प्रत्येक वैद्याला ठाऊक असावयास हवे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणासंबंधीच्या गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने शासकीय वा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेऊ इच्छीत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. पोलिसांच्या भीतीने घरी लपवून ठेवलेल्या मुलाच्या आईवडिलांना ही एवढी माहिती मिळाली, तरी कित्येकदा उपचाराचा मार्ग मोकळा होईल.

हानी कमी करणे म्हणजे काय?

कोणत्याही देशाच्या या विषयातील धोरणास तीन अंगे असतात. पुरवठा रोखणे हे पोलीस, सीमाशुल्क व अन्न-औषध प्रशासन यांचे काम. मागणी घटविणे हे शिक्षण, समुपदेशन व उपचार यांचे काम. तिसरे अंग हानी घटविण्याचे. जो आज व्यसन सोडू शकत नाही, तो निदान उद्यापर्यंत जिवंत राहावा, त्यास एड्स व काविळीचा संसर्ग होऊ नये आणि त्याचा वैद्याशी संबंध तुटू नये, ही यामागील दृष्टी.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे 'नाको'ने, सुईने नशा करणाऱ्यांसाठी निर्जंतुक सुया आणि अफूजन्य नशेसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखे नियंत्रित प्रतिस्थापन औषध, असे दोन उपाय आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतले. ही औषधे मान्यताप्राप्त केंद्रांतच, देखरेखीखाली दिली जातात. २०१२ च्या राष्ट्रीय धोरणाने या उपायांना स्थान दिले, मात्र ते व्यसनमुक्तीकडे जाणारी पायरी म्हणून.

"नशा करणाऱ्यास नशेचेच औषध द्यावयाचे, हा कोणता उपचार?" असा प्रश्न आपल्यापैकी काही ज्येष्ठ सहकारी विचारतात. त्यांना आम्ही चरकसंहितेकडेच परत नेऊ इच्छितो. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अंगवळणी पडलेले अहितकर सेवन एकदम न तोडता, पादांशाने, टप्प्याटप्प्याने सोडावे आणि तितक्याच क्रमाने हितकर सेवन वाढवावे, असे सांगितले आहे. चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या, मदात्ययाच्या अध्यायात चुकीच्या वा अतिरिक्त मद्यपानाने उत्पन्न झालेला व्याधी त्याच मद्याच्या सम्यक् मात्रेने शमतो, असा विचार आहे. याच अध्यायात ध्वंसक व विक्षय या दोन विकारांचे वर्णन येते. मद्य सोडलेला मनुष्य एकाएकी पुन्हा अतिमद्यपान करतो, तेव्हा हे विकार उद्भवतात.

हा तिसरा विचार आजच्या हेरॉइनच्या रुग्णाच्या बाबतीत जीवनमरणाचा ठरतो. काही आठवडे केंद्रात वा तुरुंगात नशेविना राहिलेल्या मनुष्याची सहनशक्ती घटलेली असते. बाहेर येताच त्याने पूर्वीचीच मात्रा घेतली, तर श्वास मंदावून मृत्यू ओढवतो. म्हणून व्यसन सोडून घरी परतलेला रुग्ण पूर्ण सुरक्षित झाला असे मानू नये. नातेवाइकांना याची स्पष्ट कल्पना द्यावी. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, श्वास अत्यंत मंद आणि हाका मारूनही प्रतिसाद नाही, अशी अवस्था दिसताच १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. नॅलॉक्सोन हे त्यावरील प्रतिविष रुग्णालयात मिळते. घरगुती उपायांत अशा वेळी एक क्षणही दवडू नये.

ग्रंथातील हे साम्य दाखविताना आम्ही एक मर्यादाही नोंदवितो. ग्रंथात तत्त्व आहे म्हणून हेरॉइनच्या रुग्णास आपल्या चिकित्सालयात अहिफेनकल्प देऊन 'पादांशक्रम' चालवावा, असा त्याचा अर्थ होत नाही. ते वैद्यकीय व कायदेशीर, दोन्ही दृष्टींनी अनुचित आहे.

ठाणे-कल्याण परिसरातील चित्र

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करीत होते. अफूजन्य पदार्थ घेणारे सुमारे २.२६ कोटी, तर सुईने नशा करणारे सुमारे साडेआठ लाख होते. मद्याच्या अधीन झालेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळाल्याचे त्यात आढळले. त्यानंतर १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत 'नशामुक्त भारत अभियान' सुरू झाले. पुढे त्याचा विस्तार देशभर झाला.

आपल्या परिसरात नशेची तीन रूपे विशेष जाणवतात. पहिले गांजाचे. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे कल्याण हे मोठे जंक्शन असल्याने तेथे गांजा पकडल्याच्या बातम्या वरचेवर येतात. दुसरे मेफेड्रोनचे, म्हणजे 'एमडी'चे. ५ फेब्रुवारी २०१५ रोजी हा पदार्थ एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत आला. तिसरे रूप औषधी दुकानाच्या वाटेने येणारे. कोडीनयुक्त खोकल्याची पातळ औषधे आणि 'बटण' या टोपणनावाने विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्या यांचे साठे ठाणे, भिवंडी, कल्याण या पट्ट्यात अनेकदा जप्त झाले आहेत.

३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत कासारवडवलीनजीक पोलिसांनी एका नशेच्या मेजवानीवर छापा घालून नव्वदहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेतले. वृत्तपत्रांत दोन दिवस त्याची चर्चा झाली. आमच्या मनात मात्र वेगळा प्रश्न आला. यांतील किती जण त्याआधी निद्रानाश, धडधड, भूक मंदावणे वा वजन घटणे अशा तक्रारी घेऊन कोणा वैद्याकडे गेले असतील, आणि नशेविषयी त्यांना कोणी विचारले असेल काय?

आमची एक चूक

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आम्हांस आमच्याच एका चुकीने दिला आहे. काही वर्षांपूर्वी गोदामात हमालीचे काम करणारा एक तरुण अतिसाराची तक्रार घेऊन आमच्याकडे आला. सोबत अंगदुखी, जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी आणि रात्रभर तळमळ होती. आम्ही अतिसारावर लक्ष केंद्रित करून कर्पूररस दिला. दुसऱ्याच दिवशी सर्व लक्षणे शमली. अतिसारच नव्हे, तर जांभया व तळमळही थांबली. आम्हांस औषधयोजनेचे समाधान वाटले. औषध संपताच चार दिवसांनी तो त्याच लक्षणांसह परतला आणि "तीच गोळी द्या" म्हणू लागला.

तेव्हा कोठे आम्ही त्यास जवळ बसवून सविस्तर विचारले. आठ-नऊ महिने तो अधिक काम करता यावे म्हणून 'शक्तीच्या गोळ्या' घेत होता. त्या कामिनी विद्रावण रसाच्या होत्या. पैशाअभावी त्याने त्या बंद केल्या आणि ही लक्षणे उद्भवली. कामिनी विद्रावणात अहिफेन असते, कर्पूररसातही अहिफेन असते. आम्ही अतिसार बरा केला नव्हता, तर तुटलेली नशा दुसऱ्या नावाने पुन्हा सुरू करून दिली होती. पुढे त्यास शासकीय रुग्णालयाच्या मनोविकार विभागाकडे पाठविले आणि तेथील उपचार चालू असता आहार, निद्रा व अग्नी यांपुरते आपले साहाय्य आम्ही दिले. एका प्रश्नाने जे पहिल्याच दिवशी कळले असते, ते कळावयास आठवडा लागला.

आपल्याच कपाटातील द्रव्ये

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या 'ई-१' या अनुसूचीत आयुर्वेदातील विषद्रव्यांची यादी आहे. अहिफेन, भांग, धत्तूर, वत्सनाभ, भल्लातक, गुंजा, जयपाल ही त्यांतील काही. ही द्रव्ये असलेल्या, पोटात घ्यावयाच्या औषधांवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशा आशयाची सूचना इंग्रजी व हिंदीत ठळकपणे छापणे नियम १६१ नुसार बंधनकारक आहे. जातीफलादि चूर्ण किंवा मदनानंद मोदक या भांगयुक्त कल्पांनाही ते लागू होते. शिवाय एनडीपीएस कायद्याच्या व्याख्येनुसार ०.२ टक्क्यांहून अधिक मॉर्फिन असलेला अफूचा कल्प कायद्याच्या दृष्टीने अफूच ठरतो, हेही विक्रेत्यांनी ध्यानात ठेवावे.

येथे एक मोठी फट आहे. आधुनिक औषधांच्या दुकानदारास विक्रीचा परवाना लागतो. १ मार्च २०१४ पासून 'एच-१' अनुसूचीतील कोडीन, ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम आदी औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही त्यास ठेवावी लागते. चिठ्ठी देणाऱ्याचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि मात्रा तीत लिहून ती तीन वर्षे जतन करावी लागते. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस मात्र औषध कायद्याखाली असा परवाना लागत नाही, आणि 'एच-१' सारखी नोंदवहीही नाही. वेष्टनावरची सूचना छापली जाते, ती पाळली गेली की नाही हे पाहणारे कोणी नसते.

परिणाम समोर आहे. कामिनी विद्रावण रस हा चिकित्सकाने निवडक रुग्णासाठी, अल्पकाळ योजावयाचा कल्प. आज तो टपरीवरही मागितला जातो. ऑस्ट्रेलियासारख्या दूरच्या देशात या गोळ्यांच्या अधीन झालेल्यांची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदविली गेली आहेत. एका कल्पाच्या दुरुपयोगाने शास्त्राची बदनामी होते आणि उद्या कठोर निर्बंध आल्यास प्रामाणिक वैद्याच्या हातूनही उपयुक्त औषध जाईल. बाहेरून बंदी येण्याआधी आतून शिस्त आणणे, यातच आपले व रुग्णांचे हित आहे.

चिकित्सालयात पाळावयाची पथ्ये

पहिले, आसव-अरिष्टांविषयी. त्यांत स्वयंजनित मद्यार्क असतो. मद्य सोडलेल्या, विशेषतः डायसल्फिराम घेत असलेल्या रुग्णास ती देऊ नयेत. त्याऐवजी क्वाथ, वटी वा चूर्ण योजावे. आपल्या दोन चमचे द्राक्षासवाने कोणाचा सहा महिन्यांचा संयम ढळू नये.

दुसरे, रोज मद्य घेणारा रुग्ण एकाएकी बंद करू इच्छीत असेल, तर कंप, भ्रम व झटके येण्याचा धोका असतो. अशा रुग्णास रुग्णालयाच्या देखरेखीखालीच मद्य सोडवावे.

तिसरे, 'न कळत' देण्याच्या चूर्णाविषयी. अशा चूर्णात डायसल्फिरामसारखे द्रव्य मिसळलेले असेल आणि त्यावर रुग्णाने मद्य घेतले, तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. त्यात द्रव्य काहीच नसेल, तर त्या गृहिणीचे पैसे व आशा दोन्ही वाया जातात. रुग्णाच्या संमतीवाचूनचा उपचार आयुर्वेदाच्या चतुष्पादातही बसत नाही, कारण तेथे रुग्ण हा स्वतंत्र पाद मानला आहे.

चौथे, मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याविषयी. मद्य व अंमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचा त्यात मानसिक आजारात समावेश आहे. रुग्णास साखळदंडाने बांधण्यास बंदी आहे. म्हणून कोणत्याही व्यसनमुक्ती केंद्राकडे रुग्ण पाठविण्यापूर्वी त्याची नोंदणी तपासावी. याच कायद्याने मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेदीय पदव्युत्तर पदवीधरास मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता दिली आहे. ही संधी आपल्या तरुण वैद्यांनी ओळखावी.

एक प्रस्ताव

आमचा प्रस्ताव साधा आहे. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील सभासद औषधविक्रेत्यांनी अहिफेन व भांगयुक्त कल्पांसाठी स्वेच्छेने नोंदवही ठेवावी. दिनांक, वैद्याचे नाव व नोंदणी क्रमांक, रुग्णाचे नाव व वय, कल्प, दिलेली मात्रा, एवढे पाच रकाने पुरेत. चिठ्ठीशिवाय विक्री नाही आणि एका चिठ्ठीवर दुसऱ्यांदा विक्री नाही. वैद्यांनीही चिठ्ठीवर किती दिवसांसाठी ते अक्षरांत लिहावे. त्रैमासिक सभेत या नोंदींची, रुग्णांची नावे वगळून, चर्चा व्हावी.

"मी नाही दिले, तर शेजारचा देईल," हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. तो खराही आहे. परंतु दहा दुकानांपैकी सहांनी नाही म्हटले, तर त्या तरुणाला चार दुकाने अधिक चालावे लागेल, आणि त्या चालण्यातच एखाद्या दुकानदाराने त्याला बसवून विचारण्याची शक्यता वाढते. विक्रीची काही हानी होईल. ती आपण सोसावी.

नकार देताना पुढचा मार्गही द्यावा. केंद्र शासनाची १४४४६ ही व्यसनमुक्तीची निःशुल्क दूरध्वनी सेवा आणि १४४१६ ही 'टेलिमानस' सेवा, हे दोन क्रमांक प्रत्येक दुकानात गल्ल्याशेजारी, ग्राहकास वाचता येतील असे लावावेत. त्या गृहिणीला चूर्णाऐवजी सांगावे, "ताई, औषधाआधी त्यांना एकदा सोबत घेऊन या. नाही आले, तर तुम्ही एकट्या या." कुटुंबाशी बोलणे हाही उपचाराचाच आरंभ असतो. आणि त्या तरुणास पाकीट परत करताना, इतरांच्या देखत नव्हे, तर बाजूला घेऊन विचारावे, "किती दिवस घेतोस? बंद केल्यावर काय होतं?"

हे दोन प्रश्न विचारावयास कोणता परवाना लागत नाही. नोंदवही कायद्याने मागितलेली नाही, ती आपण आपल्याकडून मागावी, एवढेच आमचे सभासद वैद्य व औषधविक्रेते बंधुभगिनींना नम्र आवाहन आहे.